डब्यावरचा शेफ खराखुरा होता!

पांढरी टोपी, मिशीतलं हसू. अमेरिकेत ‘शेफ बॉयार्डी’ पास्त्याच्या डब्यावर दिसणारा हा चेहरा जाहिरातवाल्यांनी बनवलेला नाही. तो आहे एत्तोरे बोयार्दी, जन्म १८९७, गाव इटलीतलं पियाचेंझा.

१९१४ मध्ये, सोळाव्या वर्षी, एत्तोरे न्यूयॉर्कला आला. भाऊ पाओलो प्लाझा हॉटेलात वेटर. तिथल्याच किचनमध्ये हाही चिकटला. पुढे क्लीव्हलँडमध्ये त्यानं स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. त्याचा स्पगेटी सॉस लोक घरी न्यायला मागायचे. हा दुधाच्या बाटल्यांत भरून द्यायचा. मागणी इतकी वाढली, की १९२८ मध्ये थेट फॅक्टरीच!

पण ‘बोयार्दी’ अमेरिकन जिभेला वळेना. मग डब्यावर उच्चाराला सोपं जाईल असं स्पेलिंग आलं. महायुद्धात फॅक्टरी सैनिकांसाठी रात्रंदिवस चालली. युद्ध संपलं, ऑर्डरी आटल्या. कामगारांच्या नोकऱ्या टिकाव्यात म्हणून १९४६ मध्ये त्यानं कंपनीच विकली. १९८५ मध्ये तो गेला.

मास्टर्ससाठी बाहेर गेल्यावर कुणी तुमचं नाव ‘शॉर्ट’ करायला लागलं, तर एत्तोरे आठवा. स्पेलिंग त्यानं सोडलं, माणसं नाही.