लेथमागचा माणूस : हेन्री मॉडस्ले

फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय? फाइल घासून घासून हाताला फोड यायचे, तरी ट्राय-स्क्वेअर लावला की फटीतून उजेड दिसायचाच! मग हॉस्टेलमध्ये सीनियरचा जुना जॉब शोधायची धावपळ. आज ज्याच्याबद्दल लिहितेय, त्याचं सगळं आयुष्य ही फट बुजवण्यात गेलं.

हेन्री मॉडस्लेचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडनजवळ वुलविचला झाला. १२ व्या वर्षी तो तिथल्या शस्त्रागारात काडतुसांत दारू भरायला लागला. पुढे सुतारकामाला लावलं, पण त्याचं लक्ष सगळं लोखंडाकडे. शेवटी १५ व्या वर्षी त्याला लोहाराच्या भट्टीवर पाठवलं. १८ व्या वर्षी जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याने त्याला बोलावून घेतलं. ब्रामाच्या कुलपाचे भाग इतके बारीक होते की हाताने करणं परवडत नव्हतं. मॉडस्लेने ते भाग बनवणारी मशीन्सच तयार केली.

तिथे त्याला आठवड्याला ३० शिलिंग मिळत. पदरी संसार होता, म्हणून १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली. ब्रामा नाही म्हणाला. मॉडस्लेने नोकरी सोडली आणि स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं.

त्या काळी टर्नर हत्यार हातात धरून काम करायचा. स्क्रूही हाताने कापत, त्यामुळे एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे. १८०० च्या सुमारास मॉडस्लेने स्लाइड रेस्ट, लीड स्क्रू आणि बदलते गिअर एकाच लोखंडी लेथवर आणले. हे भाग सुटे सुटे आधीही माहीत होते, पण अचूकता आली ती या जुळणीमुळे.

मग मार्क ब्रुनेलच्या डिझाइनवरून त्याने पोर्ट्समथच्या गोदीसाठी जहाजाच्या कप्प्या बनवणारी ४५ मशीन्स उभी केली. ११० कारागिरांचं काम १० साधे कामगार करू लागले!

म्हणजे कसबी हाताची गरज संपली का? उलट झालं. ही मशीन्स बनवायला आणखी कसबी हात लागले, आणि ते मॉडस्लेच्या वर्कशॉपमध्ये तयार झाले. सरफेस प्लेटवर घासून सपाट पृष्ठभाग करणं हा तिथला पहिला धडा. मापावरून वाद झाला तर निकाल द्यायचा एका मायक्रोमीटरने. त्याचं टोपणनाव लॉर्ड चान्सलर!

१८२९ मध्ये जेम्स नॅस्मिथ वडिलांबरोबर तिथे आला. फी भरून शिकणारी मुलं घेणं मॉडस्लेने तोवर बंद केलं होतं. पण नॅस्मिथने स्वतः बनवलेलं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल दाखवलं आणि तो थेट मॉडस्लेचा मदतनीस झाला. पुढे त्याने स्टीम हॅमर बनवला. इथेच काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांचा प्रमाणित थ्रेड सुचवला, आणि १८६८ मध्ये होतकरू मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू केली.

मॉडस्ले १४ फेब्रुवारी १८३१ ला गेला. वुलविचला त्याची ओतीव लोखंडाची समाधी होती, तिचं डिझाइनही त्याचंच.

आज सीएनसीवर प्रोग्रॅम टाकला की जॉब तयार. पण माप चुकलं तर का चुकलं, हे ओळखायला माणूसच लागतो. आपल्या वर्कशॉपमधले आयटीआय शिकलेले सर जॉबवर नुसतं बोट फिरवून सांगतात, कुठे उंच आहे ते. पुढच्या वेळी जॉब मागायच्या आधी त्यांच्याशेजारी अर्धा तास उभं राहून बघा.