नवऱ्याचं कर्ज फेडणारी 'बदनाम' लेखणी

लॉर्ड कर्झन म्हटलं की आपल्याला शाळेतला इतिहास आठवतो. १९०५ची बंगालची फाळणी, स्वदेशीची चळवळ, लोकमान्यांचे 'केसरी'तले अग्रलेख. पण याच कर्झनसाहेबांनी भारतात शिकार केलेल्या वाघाचं कातडं एका कादंबरीकार बाईला भेट दिलं होतं, हे काही आपल्या पुस्तकात नव्हतं! ती बाई म्हणजे एलिनॉर ग्लिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत उशीखाली लपवून वाचल्या जाणाऱ्या शृंगारिक कादंबऱ्यांची लेखिका.

१७ ऑक्टोबर १८६४ रोजी जर्सी बेटावर तिचा जन्म झाला. ती काही महिन्यांची असतानाच वडील गेले. आई दोन मुलींना घेऊन कॅनडात माहेरी गेली. तिथे आजीनं नातींना खानदानी रीतिरिवाज शिकवले. पुढे आईनं दुसरं लग्न केलं आणि मंडळी परत जर्सीला आली. एलिनॉर कुठल्या शाळा-कॉलेजात गेली नाही. सावत्र वडिलांच्या कपाटातली पुस्तकं हीच तिची शाळा. मोठी बहीण ल्युसी तिच्याइतकीच जिद्दीची. संसार मोडल्यावर तिनं शिवणकाम सुरू केलं आणि 'ल्युसील' या नावानं जगप्रसिद्ध फॅशन डिझायनर झाली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा त्यातून वाचलेल्यांत ही ल्युसीही होती.

१८९२ मध्ये एलिनॉरचं लग्न क्लेटन ग्लिन या जमीनदाराशी झालं. मधुचंद्राला त्यानं म्हणे ब्रायटनमधला पोहण्याचा अख्खा हौद भाड्यानं घेतला, का तर बायकोला एकटीला मोकळे केस सोडून पोहता यावं! बाईला वाटलं, कादंबरीतलाच नायक मिळाला. पण ही हौस फार दिवस टिकली नाही. मार्गो आणि ज्युलिएट अशा दोन मुली झाल्या. नवरा आपल्या मौजमजेत आणि ही मोठ्या घरात एकटी. वेळ घालवायला तिनं लिहायला घेतलं. १९०० मध्ये 'द व्हिजिट्स ऑफ एलिझाबेथ' हे पहिलं पुस्तक आलं आणि लोकांना आवडलंही.

खळबळ उडवली ती १९०७च्या 'थ्री वीक्स'नं. स्वित्झर्लंडला गेलेला एक तरुण इंग्रज आणि त्याच्याहून वयानं मोठी, विवाहित, परदेशी राणी यांच्या तीन आठवड्यांच्या प्रेमाची ही गोष्ट. त्यातली वाघाच्या कातड्यावर पहुडलेली राणी तर घरोघरी चेष्टेचा विषय झाली. आज वाचलं तर त्यात उघडंवाघडं फारसं काही नाही. पण प्रेमात पुढाकार बाईनं घ्यावा, हेच त्या काळाला सोसलं नाही. ईटनच्या प्रसिद्ध शाळेत पुस्तकावर बंदी आली, अमेरिकेत बोस्टनमध्येही आली. खप मात्र लाखांवर गेला! शिव्या देणारेही वाचत होते, हे उघड आहे.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. १९०८च्या सुमारास तिला कळलं की क्लेटन कर्जात गळ्यापर्यंत बुडालाय. घरातला पैसा कुठे चाललाय, याचा तिला पत्ताच नव्हता. तेव्हापासून सगळं घर तिच्या लेखणीवर चालू लागलं. कर्झनशी तिचं प्रेम याच काळातलं. ते विधुर होते. क्लेटननं बायकोला न सांगता त्यांच्याकडून हजार पौंड उसने घेतले. कळल्यावर हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते फेडण्यासाठी तिनं तीन आठवड्यांच्या आत 'द रीझन व्हाय' ही कादंबरी लिहून हातावेगळी केली. १९११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बचतगटाच्या कामात फिरताना मला हेच दिसतं. कर्ज नवरा काढतो, हप्ते बाई फेडते. लंडन काय आणि आपली वस्ती काय!

१९१५ मध्ये एका फिल्म कंपनीनं 'थ्री वीक्स'वरून विनोदी चित्रपट काढला म्हणून ती कोर्टात गेली. न्यायाधीशांनी निकाल दिला की असल्या अनैतिक पुस्तकाला कायद्याचं संरक्षण मिळणार नाही. त्याच वर्षी क्लेटन वारला. पुढच्या वर्षी ती कर्झनसाठी सॉमरसेटमधला माँटाक्यूट वाडा सजवत होती. तेव्हा त्यांचं दुसरीशी लग्न ठरल्याची बातमी तिला कळली, तीही वर्तमानपत्रातून! आठ वर्षांच्या नात्यात त्या गृहस्थाला समोर येऊन सांगण्याचंही धैर्य झालं नाही. तिनं त्यांची शेकडो पत्रं जाळून टाकली आणि पुन्हा तोंड पाहिलं नाही.

रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. पहिल्या महायुद्धात ती फ्रान्समध्ये वार्ताहर होती. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या, तेव्हा हजर असलेल्या दोन स्त्रियांपैकी ती एक. १९२० मध्ये, पंचावन्न उलटल्यावर, ती हॉलिवूडला गेली. ग्लोरिया स्वॅन्सन, व्हॅलेंटिनो यांच्यासाठी पटकथा लिहिल्या. १९२७चा क्लारा बोचा 'इट' हा चित्रपट तिच्याच कल्पनेवरचा. 'इट गर्ल' हा शब्द त्यानंच जगभर पोचवला. इंग्लंडला परतून स्वतःच्या पैशानं चित्रपट काढले, ते पडले आणि पुंजी गेली. मग काय, साठी उलटलेली बाई पुन्हा लिहायला बसली. २३ सप्टेंबर १९४३ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ती लंडनमध्ये वारली.

एलिनॉरचं सगळंच पटतं असं नाही. तिला सरदार-दरकदारांचं फार कौतुक. पुरुषाला जिंकण्यातच बाईचं यश, असंही तिचं लेखन सुचवतं. साहित्य म्हणूनही ते फार उंचीचं नाही. पण तिला नावं ठेवणाऱ्यांनी कधी तिचा जमाखर्च पाहिला का? नवऱ्यानं कर्ज लपवलं, प्रियकरानं लग्न लपवलं, कायद्यानं तिच्या कष्टाला कष्ट मानलं नाही. तरी घर चाललं, मुली मोठ्या झाल्या, देणी फिटली. स्वप्नं विकणाऱ्या या बाईचे पाय जमिनीवर रोवलेले होते. मैत्रिणींनो, कादंबऱ्या जरूर वाचा, नायकाच्या प्रेमातही पडा. पण घरात कर्ज किती आहे आणि कोणाचं आहे, तेवढं मात्र आधी विचारून ठेवा!