केप्लर व आठ कलांचा फरक

जमाखर्चांत चार पैशांचा मेळ लागत नाहीं म्हणून दिवा जाळीत बसणारे दिवाणजी आमच्या व्यापारी वाचकांस परिचित आहेतच. आकाशाच्या हिशेबांत असाच हट्ट धरणाऱ्या एका गृहस्थाचें चरित्र आज त्यांच्यापुढें ठेवीत आहों.

योहान केप्लर याचा जन्म १५७१ सालीं जर्मनींत झाला. बाप भाडोत्री शिपाई. तो एकदां घर सोडून गेला तो परतलाच नाहीं. लहानपणीं देवी येऊन मुलाची दृष्टि अधू झाली. परंतु पाहण्याचें काम दुसऱ्यानेंच करून ठेविलें होतें. डेन्मार्कच्या टायको ब्राहे यानें दुर्बिणीवांचून वीस वर्षांहून अधिक काळ ग्रहांचे वेध घेतले होते. १६०१ त प्राग येथें तो वारला, व ही ठेव त्याचा साहाय्यक केप्लर याच्या हातीं आली.

ग्रह वर्तुळांतच फिरतात, हें मत दोन हजार वर्षांचें. सूर्यास मध्यभागीं बसविणाऱ्या कोपर्निकसानेंहि तें सोडलें नव्हतें, आणि केप्लरचीहि त्यावर श्रद्धा होती. मोठ्या कष्टानें त्यानें मंगळास एक वर्तुळ बसविलें. तरी वेधांशीं आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा सुमारें चौथा हिस्सा! दुसरा कोणी वेधासच दोष देऊन मोकळा झाला असता. टायकोच्या हातून एवढी चूक होणें नाहीं, हें केप्लर जाणून होता. त्यानें वेध ठेविला व वर्तुळ टाकलें. ग्रह लंबवर्तुळांत फिरतो व सूर्याजवळ येतां त्याचा वेग वाढतो, हें त्यानें १६०९ सालीं प्रसिद्ध केलें. न्यूटनला पुढें याच पायावर बांधतां आलें.

केप्लर पत्रिकाहि मांडी, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण खरी कसोटी घरांतच आली. १६१५ सालीं त्याच्या वृद्ध आईवर चेटकाचा आळ आला. १६२० त तिला धरून साखळदंडांत ठेविलें. बादशहाच्या पदरच्या या गणित्यानें स्वतः जाऊन तिचा बचाव केला, आणि एकेक साक्ष वेधासारखीच तपासून, जें चेटूक म्हणत तें साधें दुखणें कसें, हें दाखविलें. छळाचीं हत्यारें समोर मांडलीं तरी म्हातारी कबूल झाली नाहीं. चौदा महिन्यांनीं ती सुटली व पुढच्याच वर्षीं वारली. बाईमाणसास चेटकीण ठरवून छळण्याची चाल आमच्याहि देशांतून अद्याप समूळ गेलेली नाहीं. म्हणून हा भाग विस्तारानें दिला.

१६३० सालीं थकलेलीं येणीं वसूल करण्यासाठीं केप्लर रेगेन्सबुर्ग येथें गेला, आणि तेथेंच तापानें वारला. युद्धाच्या धुमाळींत त्याच्या थडग्याचीहि खूण राहिली नाहीं.