वाराच्या वाटेतून सरणारा गुरू : हिरोनोरी ओत्सुका

कराटे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विटा फोडणारी मूठ उभी राहते. मैदानावर सरावाला येणारी मुलेही आधी तेच शिकू पाहतात. ज्या माणसाने या विद्येत वार अडविण्याऐवजी वाराच्या वाटेतून अंग काढून घेण्याला शिस्तबद्ध रूप दिले, त्याचे चरित्र मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. म्हणून हा अल्पसा प्रपंच.

हिरोनोरी ओत्सुका यांचा जन्म १ जून १८९२ रोजी जपानमधील इबाराकी प्रांतातल्या शिमोदाते या गावी एका डॉक्टरच्या घरी झाला. बालपणीच त्यांचे जुजुत्सुचे शिक्षण सुरू झाले आणि तेराव्या वर्षापासून नाकायामा तात्सुसाबुरो यांच्याकडे त्यांनी शिंदो योशिन-र्यु या परंपरेचा अभ्यास केला. ही विद्या तलवारधारी योद्ध्यांच्या काळातली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. उगारलेली तलवार हाताने अडविता येत नाही; अडविली तर हात जातो. तेव्हा देहानेच पात्याच्या रेषेतून बाहेर पडायचे आणि त्याच क्षणी शत्रूच्या अंगाशी जायचे, एवढाच मार्ग उरतो. योशिन परंपरेत बर्फाच्या भाराखाली वाकणाऱ्या व न मोडणाऱ्या वाळुंजाच्या फांदीची दंतकथा सांगतात. पुरात तरणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला आपल्याला परका नाही.

वडिलांच्या निधनानंतर वासेदा विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून ओत्सुकांना बँकेत नोकरी धरावी लागली. सराव मात्र सुटला नाही. १९२२ साली ओकिनावाचे शिक्षक गिचिन फुनाकोशी टोकियोत आले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मेइसेइ जुकु या वसतिगृहात ते राहत, तेथे झाडलोट व देखरेखही करीत आणि तेथेच कराटे शिकवीत. जुजुत्सुत मुरलेले तीस वर्षांचे ओत्सुका या पन्नाशी ओलांडलेल्या गुरूपुढे नवशिक्या म्हणून उभे राहिले. वसतिगृहात शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे दृश्य विशेष जवळचे वाटेल.

गुरूंनी शिकविलेले 'काता', म्हणजे एकट्याने करावयाच्या हालचालींचे ठरलेले क्रम, ओत्सुकांनी लवकरच आत्मसात केले. पण एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. समोर खरा माणूस नसताना अंतर कसे कळावे? वार नेमका कधी सुटतो, हे डोळ्यांनी कसे ओळखावे? त्यांनी दोघांनी मिळून करावयाचे सराव रचले आणि पुढे मुक्त लढतीचा पुरस्कार केला. फुनाकोशींना हे रुचले नाही. टोकियो विद्यापीठाचे विद्यार्थी संरक्षक साधने बांधून लढू लागले, तेव्हा त्यांनी तेथे शिकविणेच सोडले. त्यांची बाजू अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. मुक्त लढतीत विद्या सुटते आणि ईर्षा उरते, हा अनुभव पुष्कळांना आहे. तरीही प्रश्न विचारणाऱ्या शिष्याकडेच माझे मन झुकते. ओत्सुकांनी केन्वा माबुनी आणि चोकी मोतोबु या ओकिनावाच्या अन्य जाणकारांकडूनही शिकून घेतले. अखेर गुरुशिष्यांचे मार्ग वेगळे झाले.

ओत्सुकांच्या पद्धतीचा प्राण म्हणजे 'ताइसाबाकी', अर्थात देहाची हाताळणी. प्रतिस्पर्ध्याची मूठ सरळ येते, तेव्हा मागे सरले की तो दुसरा वार घेऊन पाठोपाठ येतो. जागीच थांबून अडविले तर बलवानाचे फावते. ओत्सुका पाऊल तिरपे पुढे टाकीत व कंबर वळवीत; समोर असलेली रुंद छाती क्षणात कडेची होई, मूठ अंगाला घासून निघून जाई आणि तेवढ्यातच त्यांचा ठोसा पोहोचलेला असे. बचाव आणि प्रहार असे दोन ठोके तेथे नसत, एकच असे. यातील तीन तत्त्वांना नागासु, इनासु आणि नोरु अशी नावे आहेत : वार वाहू देणे, तो हलकेच वळविणे आणि त्याच्या वेगावर स्वार होणे. यासाठी पवित्रा फार खोल नसावा, गुडघे मोकळे असावेत, हालचाल गरजेपुरतीच असावी. हातभर सरलेला माणूस प्रतिप्रहाराला उशिरा पोहोचतो. बोटभर सरलेला वेळेवर पोहोचतो.

या पद्धतीची नोंद १९३८-३९ च्या सुमारास क्योतोच्या दाइ निप्पोन बुतोकुकाइ या संस्थेत झाली. नाव ठरले वादो-र्यु. 'वा' म्हणजे शांती, सुसंवाद. 'दो' म्हणजे मार्ग. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थबकावे लागते. १९३७ पासून जपानचे सैन्य चीनमध्ये होते, नानजिंगचा संहार होऊन गेला होता आणि युद्धविद्यांच्या संस्था त्या राज्ययंत्रणेच्या सेवेत होत्या. शांतीचे नाव त्या दफ्तरात नोंदले गेले, ही विसंगती चरित्रकाराने झाकू नये. पराभवानंतर १९४६ मध्ये बुतोकुकाइ विसर्जित झाली. वादो-र्यु टिकली, १९६० च्या दशकात शिष्यांनी ती युरोप-अमेरिकेत नेली.

ओत्सुका हाडवैद्यही होते. सरावात निखळलेले सांधे ते बसवीत. १९६६ साली जपानच्या सम्राटाकडून त्यांना उगवत्या सूर्याचा सन्मान मिळाला. २९ जानेवारी १९८२ रोजी, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. त्यांच्या वार्धक्यातील चित्रफिती आजही उपलब्ध आहेत. त्यांत एक किरकोळ अंगाचा म्हातारा उभा दिसतो, तरणा शिष्य शस्त्र घेऊन अंगावर येतो, आणि म्हातारा जेमतेम हलतो. शस्त्र मात्र त्याच्या शेजारून रिकाम्या हवेत निघून जाते.