एक खटपट्या : लेस पॉल

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये दर दोन-तीन खोल्यांमागे एक गिटार सापडते. त्यातल्या किती वाजतात हा प्रश्न वेगळा! वाजवण्यापेक्षा आमची चर्चाच जास्त. कुठल्या तारा घ्यायच्या, पिकअप कुठला चांगला, घरी रेकॉर्डिंग करायला कंडेन्सर माइक लागतोच का, यावर रात्री दोनपर्यंत वाद चालतात. सबमिशनच्या आदल्या रात्री तर हमखास. म्हणून मॅगझिनसाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहायला सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की आपण आपलाच माणूस घ्यायचा. (मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारलेत, बाकीचं तुम्ही पोटात घाला.)

माझं घर दोडामार्गला, गोव्याच्या अगदी हद्दीवर. माझी गिटार म्हापशाहून सेकंडहँड आणलेली. आमच्या घरात संगीत आलं ते मात्र आजोंकडून. आजोबांना आम्ही आजो म्हणतो. ते दशावतारात पेटी वाजवायचे. अकरावीपासून मी त्यांना सांगत होते की चांगला माइक आणि ऑडिओ इंटरफेस घेतला की तुमची पेटी रेकॉर्ड करते. काजूच्या पैशात ते काही बसेना आणि वर्षं जात राहिली. हे आधी सांगितलं, कारण लेस पॉल मला भेटला तो याच भानगडीत. इंटरफेसच्या किमती बघता बघता त्याच्याबद्दल वाचायला लागले. तोपर्यंत मला वाटायचं की लेस पॉल हे गिटारच्या मॉडेलचं नाव आहे!

त्याचं खरं नाव लेस्टर विल्यम पोल्सफस. जन्म 9 जून 1915, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावात. आईवडील वेगळे झाले आणि आई एव्हलिनने त्याला वाढवलं. लहानपणी तो माउथ ऑर्गन शिकला, मग बँजो, मग गिटार. दोन्ही हात गिटारवर आणि तोंडाशी माउथ ऑर्गन, हे जमावं म्हणून त्याने गळ्यात अडकवायचा तारेचा स्टँड स्वतःच वाकवून बनवला. घरात एक आपोआप वाजणारा पियानो होता. त्यात भोकं पाडलेला कागदाचा रोल घातला की गाणं वाजायचं. लेसने त्या रोलला आपल्या मनाने जादा भोकं पाडून नवे सूर भरून बघितले. एका गाण्यावर दुसरा थर चढवायची सवय ही तेव्हापासूनची.

पोरवयातच तो एका खाण्याच्या स्टॉलवर गाणी वाजवायला जाऊ लागला. मागच्या लोकांना गिटार ऐकू येत नाही अशी तक्रार आली. या गड्याने ग्रामोफोनची पिन गिटारमध्ये खुपसली आणि आईच्या रेडिओला जोडून दिली. आवाज मोठा झाला, पण शिट्टीही मारायला लागला. हा फीडबॅक. स्पीकरचा आवाज पोकळ गिटारचं लाकूड हलवतो, ती हालचाल परत पिकअपमध्ये जाते आणि चक्र वाढतच जातं. शिवाय लाकूड हललं की तारेची ऊर्जा खर्च होते आणि सूर लवकर मरतो. मग त्याने रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तार ताणली आणि खाली टेलिफोनचा रिसीव्हर ठेवला. सूर कितीतरी वेळ टिकला! आपण सेकंड सेमला कंट्रोल सिस्टिम्स आणि व्हायब्रेशन पाठ करतो, ते त्याने रुळावर करून पाहिलं.

सतराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि एका बँडबरोबर बाहेर पडला. (हा परिच्छेद कृपया घरी दाखवू नये.) शिकागोमध्ये तो रेडिओवर रुबार्ब रेड या नावाने गावाकडची गाणी वाजवायचा आणि रात्री लेस पॉल होऊन जॅझ. 1938 च्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला. तिथे एपिफोन कंपनीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी शिरकाव मिळवून त्याने 1940-41 च्या सुमारास ‘लॉग’ बनवला. लॉग म्हणजे ओंडका, आणि तो खरंच ओंडका होता. चार बाय चार इंचाचा पाइनचा खांब, त्याला गिटारची मान, वर घरी बनवलेले पिकअप. तो वाजला छान, पण लोकांना ते ध्यान बघूनच पटेना. मग लेसने एक साधी गिटार मधोमध कापली आणि दोन बाजूंना दोन पंख लावले. आवाज तोच, पण आता ती गिटारसारखी दिसत होती आणि लोक खूश! 1941 मध्ये वाजवताना त्याला विजेचा जबरदस्त शॉक बसला. त्यातून सावरायला खूप दिवस गेले. अर्थिंगचं प्रॅक्टिकल कॉपी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

हा ओंडका गिब्सन कंपनीला दाखवला तेव्हा त्यांनी रस घेतला नाही. 1950 मध्ये लिओ फेंडरने भरीव गिटार बाजारात आणली, तेव्हा गिब्सनला लेसची आठवण झाली. 1952 मध्ये ‘गिब्सन लेस पॉल’ मॉडेल आलं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भरीव इलेक्ट्रिक गिटारचा शोध त्याने एकट्याने लावला असं आपण फेस्टच्या क्विझमध्ये ठोकून देतो, ते बरोबर नाही. रिकनबॅकरची मांडीवर ठेवून वाजवायची धातूची गिटार 1930 च्या दशकातच आली होती. आणि गिब्सनच्या त्या मॉडेलमध्ये कंपनीच्या टेड मॅकार्टी आणि त्यांच्या माणसांचा वाटा किती आणि लेसचा किती, यावर आजही वाद आहे.

पण मला गिटारपेक्षा त्याचं रेकॉर्डिंग मोठं वाटतं. 1940 च्या दशकात त्याने हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये स्टुडिओ थाटला. त्यासाठी तबकडी कोरायचं मशीन घरीच जुळवलं आणि त्याला फ्लायव्हील लावलं ते कॅडिलॅक गाडीचं. पद्धत अशी : एक भाग वाजवून तबकडीवर घ्यायचा. मग ती तबकडी लावून तिच्याबरोबर दुसरा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचे. असं पुढे पुढे. प्रत्येक थराला खरखर वाढायची आणि शेवटच्या थराला एक बोट चुकलं तरी तो थर फुकट. आपल्याकडे ‘अनडू’चं बटण आहे, त्याच्याकडे तबकड्यांचा ढीग होता. काही भाग तर तो अर्ध्या स्पीडवर घ्यायचा, म्हणजे नेहमीच्या स्पीडला ते दुप्पट वेगाने आणि एक सप्तक वर ऐकू यायचे. अशा आठ गिटारींचं त्याचं ‘लव्हर’ 1948 मध्ये निघालं. आठही गिटारी त्याच्याच.

त्याच वर्षी जानेवारीत ओक्लाहोमात त्यांची गाडी बर्फावरून घसरून पुलाखाली कोसळली. गाडी चालवत होती त्याची सहकारी गायिका मेरी फोर्ड. ती वाचली, तोही वाचला, पण उजव्या कोपराचा चुरा झाला. हात कापण्यापर्यंत गोष्ट आली होती. कोपर पुन्हा हलणार नाही, हात एकाच कोनात कायमचा राहणार, हे नक्की झालं. तेव्हा लेसने डॉक्टरांना सांगितलं की मग तो कोन गिटार धरता येईल असाच ठेवा. त्यातून बरं व्हायला जवळजवळ दीड वर्ष लागलं. पुढची साठ वर्षं तो त्याच वाकड्या हाताने वाजवत होता.

1949 च्या शेवटी त्याने मेरीशी लग्न केलं. त्याच वर्षी गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्सचा टेप रेकॉर्डर भेट दिला होता. लेसने त्यात एक जादा हेड बसवला आणि एकाच मशीनवर थर चढू लागले. धोका मोठा होता, कारण नवा थर घेताना जुना पुसला जायचा. न्यूयॉर्कमधल्या फ्लॅटमध्ये अशा रीतीने केलेलं ‘हाउ हाय द मून’ 1951 मध्ये 9 आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरवर राहिलं. त्यात एकटी मेरी आपल्याच आवाजाबरोबर गाते, पण ऐकताना चारचौघी गातायत असं वाटतं. तिने माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन गायचं, ही तेव्हा नवीन गोष्ट होती. लेसबद्दल बोलताना मेरीचं नाव गाळलं जातं. एक सूर इकडेतिकडे झाला तर सगळं पहिल्यापासून, या अटीवर गाणं सोपं नाही.

मग त्याला आठ ट्रॅकचं मशीन सुचलं. अँपेक्सने ते बनवून 1957 मध्ये न्यू जर्सीतल्या त्याच्या घरी पोचवलं. किंमत साधारण 10,000 डॉलर. आता आठही भाग वेगवेगळे ठेवता येणार होते. आणि गंमत बघा, तोपर्यंत रॉक अँड रोल आलं होतं आणि त्याच्या हिट गाण्यांचे दिवस संपले होते. स्वप्नातलं मशीन घरात आलं, पण ज्या गाण्यांसाठी तो ओळखला जातो ती सगळी त्याआधीच्या खटपटीत झाली होती. 1964 मध्ये मेरीशी घटस्फोट झाला आणि तो जवळजवळ निवृत्त झाला.

पण 1980 च्या दशकात हृदयाच्या ऑपरेशननंतर तो परत उभा राहिला. न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबात दर सोमवारी वाजवायला लागला. संधिवाताने बोटं आखडत गेली. जी दोन-तीन चालत होती त्यांच्यासाठी त्याने वाजवायची पद्धत बदलली. वेगाच्या जागा सोडल्या आणि सूर मोजके ठेवले. नव्वदीनंतरही सोमवार चुकवला नाही. 12 ऑगस्ट 2009 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी तो गेला.

संधिवाताशी आले तेव्हा मी वाचन थांबवलं. आजोंनाही तोच त्रास आहे.

या चतुर्थीला घरी गेले. पाऊस धो धो, लाईट गेलेली. गोधडीची घडी केली, फोन तिच्यात टेकवला आणि आजोंपुढे पेटी ठेवली. आड दशावतारात गणपती येतो तेव्हाची चाल त्यांनी वाजवली, उजव्या हाताच्या दोन बोटांनी. भरभर जायच्या जागा आल्या की ते थांबायचे आणि नुसता भाता चालू ठेवायचे. मग कानात हेडफोन घालून मी त्याच्याबरोबर गिटार वाजवली आणि भावाच्या फोनवर दोन्ही मिळून घेतलं. लेसच्या दोन तबकड्या, आमचे दोन फोन! त्यात पत्र्यावरचा पाऊस आहे आणि मधेच एक खोकला आहे. आजोंनी दोनदा ऐकलं आणि मी लयीत मागे पडते असा निकाल दिला.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, माइक जरूर घ्या, मीही घेणार आहे. पण जे रेकॉर्ड करायचंय ते त्याआधी करून टाका. अकरावीत असताना मी आजोंना वचन दिलं, तेव्हा त्यांची दहाही बोटं चालत होती. आणि माझ्याकडे हाच फोन होता.