६१ पैकी एक

सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं, उलटी होते, चालताना तोल जातो. वारज्यातल्या एखाद्या शाळकरी पोराचं असं झालं तर आपण आधी पित्त म्हणतो, मग चष्मा, मग परीक्षेचं टेन्शन. बहुतेक वेळा तेवढंच असतंही. पण रोजच व्हायला लागलं तर मेंदूतल्या गाठीची शंका घ्यावी लागते. या गाठींशी आयुष्यभर झुंजलेला सर्जन म्हणजे हार्वे कुशिंग.

जन्म ८ एप्रिल १८६९, अमेरिकेतलं क्लीव्हलंड. दहा भावंडांतलं हे शेंडेफळ. शिक्षण येल आणि हार्वर्डमध्ये. त्या काळी मेंदूचं ऑपरेशन म्हणजे पेशंट वाचेल याची खात्री कुणीच देत नसे. कुशिंगनी सावकाश, कमीत कमी रक्त सांडून काम करायची शिस्त लावली. रक्तवाहिन्या बंद करायला त्यांनी चांदीच्या बारीक क्लिपा आणल्या. १९२६ मध्ये विल्यम बोवी यांचं विजेवर चालणारं उपकरण वापरलं. दोन हजारांवर गाठींच्या नोंदी ठेवल्या.

१९२५ मध्ये पर्सिव्हल बेली यांच्यासोबत त्यांनी लहान मुलांतल्या एका गाठीला नाव दिलं, मेड्युलोब्लास्टोमा. ही डोक्याच्या मागच्या भागात, लहान मेंदूत वाढते. मेंदू आणि मणक्याभोवती जे पाणी फिरतं, त्यातून तिच्या पेशी खाली पाठीपर्यंत उतरतात. म्हणूनच गाठ काढली तरी आजार परत यायचा. १९३० मध्ये कुशिंगनी हिशोब मांडला. ६१ रुग्णांपैकी तीन वर्षांनी जिवंत होता फक्त एक. एवढं अपयश त्यांनी झाकलं नाही, छापलं.

७ ऑक्टोबर १९३९ ला ते गेले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक छोटी, निरुपद्रवी गाठ सापडली.

१९५३ मध्ये मँचेस्टरच्या एडिथ पॅटरसन यांनी मेंदूसोबत अख्ख्या मणक्यालाही रेडिएशन देण्याची पद्धत मांडली आणि चित्र पालटलं. पुढे केमोथेरपीची जोड मिळाली. आज नीट, वेळेत उपचार झाले तर दहातली सातेक मुलं पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. रेडिएशनचा मुलांच्या उंचीवर, अभ्यासावर परिणाम होतो, हेही खरं. तो कमी व्हावा म्हणून प्रोटॉन थेरपी आली. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या केंद्रात ती मिळते.

म्हणजे इलाज आपल्याच राज्यात आहे. प्रश्न वेळेचा आहे. धाकट्या भावंडाची सकाळची उलटी आणि डोकेदुखी थांबतच नसेल, तर मेडिकलमधून गोळी आणत बसू नका. डॉक्टरांकडे न्या.