चार रुपयांचा गोलंदाज

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी महिनाभर एकच विषय चालू होता. माझा धाकटा भाऊ सोळा वर्षांचा आहे. घाटकोपरच्या ज्या मैदानावर तो चिखलात लोळत फुटबॉल शिकला, तिथल्याच एका छोट्या क्लबातर्फे तो खेळतो. त्याचा डावा पाय चांगला चालतो असे जाणकार सांगतात. उपनगरातल्याच एका मोठ्या क्लबाचे त्याला बोलावणे आले. बूट, गाडीभाडे आणि महिन्याला थोडीफार रक्कम मिळणार होती. परंतु जुन्या क्लबाने त्याला सोडण्यासाठी वीस हजार रुपये मागितले. बाबा संतापले. पोर म्हणजे काय बाजारात दावणीला बांधलेले जनावर आहे का, असे आई म्हणू लागली. गंमत अशी की खुद्द भाऊ मात्र मनातून खूश होता. आपल्यासाठी कोणीतरी वीस हजार मागते आहे, ही बातमी त्याने सगळ्या चाळीत पसरवली.

त्याच सुमारास कॉलेजच्या ग्रंथालयात मी बाळू पालवणकर यांच्याविषयी वाचत होते. दुसऱ्या एका निबंधासाठी पुस्तके काढली होती. तो निबंध बाजूलाच राहिला. भावाची किंमत आणि बाळूंची किंमत या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या. आपल्यापैकी अनेकांना हे नाव केवळ ऐकून माहीत असेल, म्हणून त्यांची हकिकत थोडक्यात सांगते.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातले, पालवण गावचे; त्यावरून आडनाव पालवणकर. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हीच बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम यांची पहिली शाळा. शाळेच्या पुस्तकांशी मात्र लवकरच फारकत झाली, कारण घरात पैशांची गरज होती.

पोरवयातच बाळू पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात कामाला लागला. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि सभासदांना वाटले तर अधूनमधून चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेला. तिथे जाळी बांधणे, चुन्याच्या रेघा मारणे, टेनिसचे मैदान आखणे, अशी कामे वाढली आणि पगार चार रुपये झाला. आजच्या भाषेत बोलायचे तर हे त्याचे पहिले स्थलांतर, आणि त्याची किंमत महिना एक रुपया!

जिमखान्यातल्या कोणा गोऱ्या सभासदाने त्याला जाळीत गोलंदाजी करायला लावले आणि त्याचे दैव पालटले. डावखुरा, संथ गतीचा, पण चेंडू दोन्ही बाजूंना वळवणारा हा पोरगा एकाच जागी हवा तितका वेळ टप्पा धरून टाकू शके. त्या काळचा नाणावलेला गोरा फलंदाज कॅप्टन ग्रेग याला तर त्याचे वेडच लागले. सांगतात की बाळूने आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देई. हिशेब करून पाहा: आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला. मला हे आठ आणे फार महत्त्वाचे वाटतात. पगाराचे चार रुपये हे रोलर ओढणाऱ्या हातांचे दाम होते. आठ आणे मात्र निव्वळ कलेचे होते.

तरीही त्या जिमखान्यात बाळूच्या हाती कधी बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान, गोलंदाजी हे नोकराचे काम. शेकडो तास त्याने चेंडू टाकले ते साहेबांचा सराव व्हावा म्हणून. पण उत्तम फलंदाजांना शेकडो तास गोलंदाजी करणारा मनुष्य काही न शिकता राहील कसा? जिमखान्याने चार रुपयांत नोकर ठेवला आणि नकळत हिंदुस्थानातला पहिला मोठा गोलंदाज घडवला.

याची कुणकुण पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंना लागली. त्यांना गोऱ्यांवर मात करायची होती. त्यासाठी बाळू हवा होता. पण तो अस्पृश्य होता. पुष्कळ वाद झाले. काहींचा कडवा विरोध, काही अनुकूल. अखेर जिंकण्याची ओढ सोवळ्याहून बलवत्तर ठरली आणि त्याला संघात घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सारे जण झेलत. त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे तंबूत कपबशीने चहा पीत आणि बाळूला बाहेर मातीच्या परळात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे मांडले जाई.

हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटले. त्या दुपारी त्याने किती बळी घेतले होते, कोण जाणे. ज्या माणसाच्या बोटांवर साऱ्या संघाची अब्रू टांगलेली, त्याच बोटांनी कपाला स्पर्श केलेला चालत नव्हता. किंमत वाढली होती, पण ती मैदानाच्या सीमारेषेपर्यंतच. साताऱ्याला गोऱ्यांच्या संघाविरुद्ध त्याने विजय खेचून आणला, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे त्याचा गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला काय हरकत आहे, असा रोकडा सवाल आपल्या लोकांना केला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या दिवसांत, पालवणकर कुटुंब मुंबईस आले. येथे बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. पुढे रेल्वेत नोकरी मिळाली आणि तिच्या संघातूनही ते खेळले. खेळाडूला पोटाला नोकरी देऊन संघात ओढण्याची आपल्याकडची रीत इतकी जुनी आहे. मुंबई पुण्याहून थोडी सैल होती. जिमखान्याच्या उपाहारगृहात बाळू आणि शिवराम इतरांच्या बरोबरीने बसू लागले.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या 242 आणि 160 धावा. युरोपियनांच्या 191 आणि 102. म्हणजे 109 धावांनी हिंदू जिंकले. दोन्ही डावांत मिळून बाळूंनी 8 बळी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद साऱ्या शहराला झाला. सुधारकांना त्याहून मोठा आनंद झाला, कारण हा विजय सहभोजनाच्या पंगतीतून आला होता.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी मिळवले, प्रत्येकी एकोणीसहून कमी धावा देऊन. तेव्हा त्यांची पस्तिशी आली होती. परतल्यावर दलित समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला आणि त्या वेळचे मानपत्र लिहिले ते भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने.

इतके झाले तरी एक गोष्ट झाली नाही. बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. वर्षामागून वर्षे त्यांच्याहून कमी योग्यतेची माणसे त्या जागी नेमली गेली. 1920 साली तर चौरंगी सामन्यांत त्यांना एका सामन्यातून वगळलेच. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्यांचे भाऊ संघातून बाहेर पडले. हे दोघेही अव्वल फलंदाज. त्यांच्यावाचून संघाचे पान हलत नव्हते. गवगवा झाला, मंडळी नमली. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर असताना त्यांनी संघ हाकला. पुढे 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि संघाने विजयही मिळवला. थोरल्याला नाकारलेले धाकट्याच्या पदरात पडले. विठ्ठलरावांनी 1948 साली आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले, म्हणून यांतल्या कितीतरी गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले. 1932 च्या पुणे कराराच्या वेळी ते वाटाघाटींत होते. 1937 साली काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले, तेही थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध! आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. एकेकाळी ज्याने मानपत्र लिहिले त्याच्याविरुद्ध उभे राहण्याची पाळी यावी, हा दैवाचा खेळ की राजकारणाचा, मला ठरवता येत नाही. त्यांचे नाव एका पक्षाला उपयोगी होते, इतके मात्र दिसते. 4 जुलै 1955 रोजी ते वारले. अंत्यसंस्कार आपल्या उपनगरातच, सांताक्रूझला झाले.

आता पुन्हा भावाकडे वळते. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंच्या बदल्यांसाठी पैसे मोजण्याची चाल जुनी आहे. 1905 साली आल्फ कॉमन या खेळाडूसाठी मिडल्सब्रो क्लबाने संडरलंडला एक हजार पौंड दिले, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. पण ते हजार पौंड गेले क्लबाला. खेळाडूचा पगार आठवड्याला चार पौंडांहून अधिक असता कामा नये, असा तिथे 1901 पासून नियम होता आणि पगारावरची कमाल मर्यादा 1961 पर्यंत टिकली. पुण्यात महिन्याला चार रुपये, इंग्लंडात आठवड्याला चार पौंड! 2017 साली नेमारसाठी 22 कोटी 20 लाख युरो मोजले गेले. आपल्याकडे 2024 च्या लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर 1 कोटी 10 लाखांची बोली लागली. रकमा आकाशाला भिडल्या.

मी जुन्या क्लबाला सरसकट दोष देऊ शकत नाही. भावाला तिथल्या वृद्ध प्रशिक्षकांनी सहा वर्षे शिकवले, एक पैसा न घेता. जागतिक फुटबॉलच्या नियमांतही खेळाडू घडवणाऱ्या क्लबाला व्यावसायिक कराराच्या वेळी काही मोबदला देण्याची सोय आहे, आणि ती न्याय्य आहे. मला खटकले ते दुसरेच. या वीस हजारांना माझा भाऊ स्वतःची किंमत समजू लागला होता.

एका रात्री त्याला गॅलरीत बसवून मी बाळूंची सगळी हकिकत सांगितली. मातीच्या परळापाशी तो गप्प झाला. मी त्याला म्हटले की नव्या क्लबात जाऊन तीन गोष्टी विचारून ये: गुडघा दुखावला तर औषधपाणी कोण करणार, जेवायला सगळे एकत्र बसतात का, आणि कर्णधार कसा निवडतात. त्याला पहिल्यांदा हसू आले. पण गेला, आणि विचारून आला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चांगले मिळाले. तिसऱ्याचे तेथल्या कोणालाच नीट देता आले नाही. पहिल्याचे उत्तर आम्ही लेखी मागितले आहे.

जुना क्लब अखेर आठ हजारांवर आला. बाबा चार हप्त्यांत देणार आहेत. पहिला हप्ता घेऊन भाऊ स्वतः प्रशिक्षकांकडे गेला आणि पाकीट देण्याआधी त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला आत बोलावले, स्वतः चहा केला आणि दोघे एकाच बाकावर बसून प्यायले, असे तो घरी येऊन सांगत होता. वीस हजारांची गोष्ट मात्र त्याने त्यानंतर चाळीत कोणाला सांगितलेली मी ऐकली नाही.

(तृतीय वर्ष, कला)